कोस्मास फार्दुलिसला दिलेला शब्द

बाटली एकच उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

एक हात मातिनाचा. दुसरा कुणाचा हे बघायला तिनं मान वर केली तर... उन्हानं रापलेला चेहरा, मागे सारलेली टोपी, आणि डोळ्यांत असं हसू, की जणू बाटली त्याचीच होऊन चुकली होती.

इंग्रजी बोलणाऱ्या कुनाबिल गावात ऑलिव्हचं तेल मिळायचं ते फक्त हॉब्ज म्हाताऱ्याच्या औषधांच्या दुकानात. तळहातावर मावेल एवढी बाटली, दुखऱ्या कानात घालायला. मातिनाची आई ते टोमॅटोच्या कोशिंबिरीवर घालायची, पण हे गावात सांगायची सोय नव्हती. आधीच ‘ग्रीक लोक काय काय खातात’ यावर गावात पुष्कळ चर्चा व्हायची.

“कुणाचा कान दुखतोय?” हॉब्जनं चष्म्यावरून विचारलं.

“माझा,” मातिना म्हणाली.

“माझेही,” तो म्हणाला. “दोन्ही.”

“मागच्या आठवड्यात तुझ्या वडिलांचा दुखत होता, टीना. त्याच्या आधी आईचा. एकदा सगळ्यांनी डॉक्टरला दाखवा.”

मातिनाचे कान खरोखरच गरम झाले. त्या माणसानं हात काढून घेतला आणि फार अदबीनं वाट करून दिली. ती बाटली घेऊन बाहेर आली, तर तोही मागोमाग बाहेर.

“काकडीपण आहे का, की नुसता टोमॅटो?” त्यानं विचारलं. आणि विचारलं ते चक्क ग्रीकमध्ये, तेही त्यांच्याच किथिरा बेटाच्या हेलात.

मातिना थबकली. “तुम्ही... मग दुकानात का नाही बोललात?”

“दोन ग्रीक आणि एकच बाटली? हॉब्जनं भाव वाढवला असता.” त्यानं टोपी काढली. “कोस्मास. फार्दुलिसांचा. वेरिंग्टनला चुलतभावाकडे असतो, त्याची फळांची लॉरी चालवतो. आता मंगळवार-शुक्रवार तुमच्याच गावाला फेरी.”

“मी विचारलं नव्हतं.”

“म्हणून तर सांगितलं. विचारलं असतंत तर लाजलो असतो.”

लाजणाऱ्यातला तो दिसत नव्हता. ती चालू लागली... आणि वडिलांच्या कॅफेच्या दारापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बाटलीचे पैसेच दिले नाहीत. परत गेली तर हॉब्ज म्हणाला, “त्या दोन्ही कान दुखणाऱ्यानं दिले.”

गोंधळाला सुरुवात झाली ती तिथून.

मंगळवारी कोस्मास आला. केळ्यांच्या पेट्या मागच्या दारी उतरवल्या आणि पुढच्या दारानं गिऱ्हाईक होऊन आत शिरला. संगमरवरी टेबलाशी बसून चहा मागितला. मातिनाच्या वडिलांचा, व्रेतोसचा, एक कडक नियम होता: गिऱ्हाइकांसमोर ग्रीकचा एक शब्द काढायचा नाही. बिल्ला लावलेल्या पांढऱ्या एप्रनमध्ये टीना, आणि स्वयंपाकघरात गेली की मातिना. त्यामुळे कोस्मासशी तिला परक्यासारखं इंग्रजीत बोलावं लागे.

“आणखी काही हवंय, सर?”

“हवंय. पण ते पाटीवर लिहिलेलं नाही.”

“पाटीवर नसेल तर मिळत नाही.”

“बघा हं. मी शुक्रवारी परत विचारीन.”

तो शुक्रवारी परत आला, पुढच्या मंगळवारीही, आणि असे कितीतरी महिने. पण चीड आणणारी गोष्ट अशी, की तो सगळ्यांशीच असा बोलायचा. पोस्टातल्या म्हाताऱ्या बाईला म्हणायचा, ‘आज टोपी नवी, की चेहरा?’ मातिनाच्या आईला म्हणायचा, ‘मावशी, तुमच्या हातची कॉफी प्यायली की मला माझं घर आठवतं, आणि मग तुमच्या कॉफीचा राग येतो.’ आई विरघळायची. मातिना मात्र रात्री उशीवर डोकं टेकवून विचार करायची... माझ्याशी बोलतो ते खरं, की त्याला नुसती तोंडाची सवय?

एकदा तिनं विचारलंच. मागच्या अंगणात तो पेट्या उतरवत होता, निलगिरीच्या पानांचा उग्र वास उन्हात पसरला होता.

“तुम्ही कधी सरळ बोलता का हो?”

त्यानं हातातली पेटी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “सरळ बोलायला पायाखाली जमीन लागते, मातिना. लॉरी थोरल्या चुलतभावाची. राहायची खोलीही त्याचीच. त्यानं बेटावरून बोलावून घेतलं नसतं, तर मी अजून बकऱ्या मोजत बसलो असतो.” मग एकदम टोपी सारखी करून म्हणाला, “बकऱ्याही मला हसायच्या, तुमच्यासारख्या.”

“मी कुठे हसले?”

“तेच तर. त्या तरी हसायच्या.”

ती हसली. आणि मग दिवसभर तिला कळेना, की आपल्याला हसू आलं ते कशाचं.

त्यानंतरच्या मंगळवारी लॉरी आली ती दुसराच माणूस घेऊन. शुक्रवारीही तोच. मातिनानं एका गिऱ्हाइकाच्या चहात मीठ घातलं, दुसऱ्याला माशाऐवजी मटणाचा तुकडा दिला. विचारायचं तरी कुणाला? काय म्हणून?

रविवारी दुपारी फ्रोसोमावशी टपकली. ही आईची दूरची बहीण. त्या भागातल्या ग्रीक घरांची लग्नं जुळवणं हा तिचा धर्म. टेबलाशी बसून तिनं आधी हातमोजे काढले, मग आवाज उतरवला.

“व्रेतोस, वेरिंग्टनहून विचारणा आलीय. घर आपल्या बेटावरचं, माणूस निर्व्यसनी. कोस्मास फार्दुलिस. आपल्या मातिनाबद्दल इतकं ऐकलंय म्हणे, की आता...”

“हो,” मातिना म्हणाली.

दारात कपबश्यांचा ट्रे घेऊन ती उभी होती. सगळ्यांनी वळून बघितलं. आईनं छातीवर क्रूस काढला.

“अगं, वाक्य तरी संपू दे माझं,” फ्रोसोमावशी म्हणाली.

“ऐकलं मी. हो म्हणा त्यांना.”

म्हणजे म्हणून तो येत नव्हता! मागणी घातली की नवऱ्या मुलानं फेऱ्या मारायच्या नसतात, एवढी रीत त्या तोंडाळ माणसालाही होती तर. मातिनाला आतून उकळ्या फुटत होत्या. वडील खाकरून म्हणाले, “माझा शब्द दिला म्हणून सांग. व्रेतोसचा शब्द.” त्यांच्या लोकांत साखरपुड्याच्या आधीची पायरी तीच. शब्द दिला की दिला. तो मोडलेल्या घरची मुलगी पुढे कुणी मागत नाही, आणि बापाला चर्चमध्ये मान वर करता येत नाही.

पुढच्या रविवारी कॅफेला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत आईनं माहेरून आणलेला टेबलक्लॉथ काढला होता. मातिना खिडकीच्या पडद्याआड उभी. एक काळी मोटार आली. चालवत होता कोस्मास... नवा कोट-टाय, केस चापून बसवलेले. तिनं पडदा आणखी थोडा सारला. मग त्यानं खाली उतरून मागचं दार उघडलं, आणि त्यातून एक जाडगेला, चाळिशीचा माणूस सावकाश उतरला. हातात मिठाईचा डबा. टोपी काढली तर डोकं चकाकलं.

चुलतभाऊ असेल, तिनं विचार केला. वडीलधारा म्हणून आलाय. चांगलंच की.

रीतीप्रमाणे तिनं ट्रे आणला. काचेच्या बश्यांत बिही फळाचा मुरंबा, चमचे आणि गार पाण्याचे ग्लास. पहिला मान नवरदेवाचा. नजर खाली ठेवून ती थेट कोस्माससमोर जाऊन उभी राहिली.

तो ट्रेकडे बघत राहिला. चमच्याला हात लावला नाही.

“तिकडे द्या,” तो हलक्या आवाजात म्हणाला. इतका कोरडा आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता. “नवरदेव तिकडे बसलेत.”

फ्रोसोमावशी हसत म्हणाली, “लाजली पोर, गोंधळली. मातिना, हे कोस्मास. आणि हाही कोस्मासच, धाकटा चुलतभाऊ. दोघांनाही आजोबांचंच नाव. आपल्या लोकांत निम्म्या घरी हीच कथा.”

ट्रे कलला तसे चमचे किणकिणले. थोरला कोस्मास घाईनं उठला, त्यानं ट्रेला खालून आधार दिला. “सावकाश,” तो म्हणाला. त्याचा हात मऊ होता, आवाजही. त्यानं मुरंबा घेतला, पाणी घेतलं, आणि ठरलेलं वाक्य म्हणाला, “या हातांना आयुष्य लाभो.” मातिना कशीबशी स्वयंपाकघरात पोचली.

“आई. तो कोण?”

“कोण तो? कोस्मास.”

“आणि दुसरा?”

“तोपण कोस्मास, ऐकलं ना आत्ता.” आईनं तिच्याकडे नीट बघितलं, आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. “अगं बाई... तू कोणत्या कोस्मासला हो म्हणालीस?”

आई धपकन स्टुलावर बसली. “देवा. तुझ्या बापानं शब्द दिलाय.”

एवढ्यात दारात धाकटा कोस्मास, रिकामी सुरई घेऊन. “मावशी, पाणी...” मातिनाला बघून तो तिथेच थांबला. “अभिनंदन,” तो म्हणाला.

“अभिनंदन?” तिचा आवाज चिरकला. “दोन आठवडे तोंड लपवून बसायचं, आणि आता अभिनंदन?”

“मी काय करायला हवं होतं? तुम्हाला घेऊन पळायला हवं होतं?” तोही तापला, पण आवाज दाबून. “थोरल्यानं मला विचारलं, ती कुनाबिलची मुलगी कशी आहे. मी काय सांगणार? महिनोन् महिने तुझंच तर सांगत होतो मी, जेवताना, पेट्या भरताना... त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी स्थळ सुचवतोय! मला वाटलं, तूच नाही म्हणशील. मग मावशी येऊन सांगते, वाक्य संपायच्या आत हो म्हणाली. वाक्य संपायच्या आत, मातिना.”

“तुला हो म्हणाले मी, गाढवा! तुला!”

नळ तेवढा टिपकत होता. धाकट्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तिला कधीच नीट आठवलं नाही, कारण तेवढ्यात तिची नजर त्याच्या खांद्यामागे गेली. दारात थोरला कोस्मास उभा होता. हातात मुरंब्याची रिकामी बशी, तो स्वतःच आणून ठेवायला आलेला.

थोरल्यानं बशी ओट्यावर ठेवली, चमचा तिच्यात सरळ केला.

“थोरल्या...” धाकटा म्हणाला.

“तू सांगितलंस असं, की तिला हसू येतं तेव्हा ती ओठ दाबते,” थोरला म्हणाला. रागानं नव्हे, काहीतरी आठवत असल्यासारखा. “मी इतकी वर्षं गल्ल्यामागे उभा आहे, माझ्यासमोर कोण कसं हसतं हे मला कधी दिसलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. स्थळ सुचवणारा माणूस असलं काही बघत नसतो.”

तो वळला आणि बाहेरच्या खोलीत गेला. आई त्याच्यामागे धावली, मातिना दाराआडूनच ऐकत राहिली. आता वडील... आता सगळं गाव...

“व्रेतोस,” थोरल्याचा आवाज आला. “तुम्ही शब्द दिलात तो कोस्मास फार्दुलिसला.”

“दिला. आणि मोडणार नाही,” वडील म्हणाले.

“मोडू नका. आमच्या घरात त्या नावाचे दोन आहेत, एवढंच. तुमच्या मुलीनं धाकटा निवडलाय. मला वाटतं, तिनं बरोबर ऐकलं. चुकीचं आम्हीच सांगितलं.”

मग फ्रोसोमावशी चाचरत म्हणाली, “पण मी तर... मी आता कोणतं स्थळ जुळवलं म्हणायचं?”

“फार्दुलिसांचं,” थोरला म्हणाला. “आणि लॉरी आता त्याची. वरातीला दुसऱ्याची लॉरी बरी दिसत नाही.”

वडील काय म्हणाले ते मातिनाला ऐकू आलं नाही. ते ओरडले नाहीत, एवढंच कळलं. थोड्या वेळानं ते स्वयंपाकघरात आले, धाकट्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, म्हणाले, “केळी फार पिकलेली आणतोस तू,” आणि डोळे पुसत परत गेले.

मागच्या जिन्यावर दोघंच उभे होते. संध्याकाळचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. आता बोलायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

“गाढव म्हणालीस मला,” कोस्मास म्हणाला.

“म्हणाले.”

“आणि... ‘तू’ म्हणालीस. ‘तुम्ही’ नव्हे.”

“गाढवाला अहो-जाहो करत नाहीत.”

तो हसला, आणि लगेच हसू मावळलं. “मला अजून सरळ बोलता येत नाही बघ. इतके दिवस मनात वाक्यं जुळवत होतो, सगळी तुझं लग्न दुसऱ्याशी होतंय असं धरून. आता... आता काय म्हणायचं तेच सुचत नाही.”

“मग नको म्हणूस.”

“नाही, म्हणतो.” त्यानं तिचा हात धरला. “तू मला आवडतेस. फार. बस, एवढंच जमलं.”

मातिनाला रडू आलं, आणि हसूही, आणि दोन्हींपैकी आधी कुठलं येऊ द्यावं ते तिला ठरवता येईना. तिनं मान वळवली. अंगणापलीकडे रस्त्यावर काळी मोटार उभी होती. थोरला कोस्मास पुढच्या सीटवर एकटाच बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. धाकट्याला उशीर होतोय हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं भोंगा वाजवला नाही.

“जा,” मातिना म्हणाली. “त्यांना ताटकळत ठेवू नकोस.”

पण तिनं हात सोडला नाही. आणि थोरला, त्यांच्याकडे न बघता, वाट बघत बसून राहिला.