एकोणचाळिसावं लेकरू

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं लिहितात, मला माहीत आहे. अशा गोष्टींखाली "स्क्रिप्ट भारी" अशी कमेंट टाकून हसणाऱ्यांत मी स्वतः होते. म्हणून तुम्ही हसलात तरी मी रागावणार नाही.

फक्त जेवताना वाचू नका.

यंदाच्या जानेवारीतला तिसरा बुधवार. रात्र नव्हती... दुपारचे पावणेदोन. बाहेर चांगलं ऊन. जागा, वरवट बकालपासून सात किलोमीटरवरच्या एका गावातली अंगणवाडी. गावाचं नाव लिहीत नाही. आईची नोकरी आहे.

आणि सगळा घोळ त्या नोकरीपासूनच सुरू झाला.

माझी आई, छाया, अंगणवाडी सेविका आहे. अकरा वर्षं झाली. बाबांचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून घर तिच्यावरच चालतं. तिला ऑफिसकडून एक फोन मिळालाय. गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव, फोटो, वजन त्यात भरायचं. फोन कुलूपबंद असतो. ऑफिसचं ॲप, कॉल आणि कॅमेरा, बस. दुसरं काही टाकता येत नाही. देताना कागदावर सही घेतली होती... फोनशी छेडछाड आढळली तर नोकरी गेली.

मी महामाया. सगळे माया म्हणतात. नववीत आहे. डिसेंबरमध्ये तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते, हे मीच कबूल करते. शाळेचा प्रोजेक्टर मी लावते. सरांच्या फोनमधल्या जाहिराती मी बंद करून देते. मला स्वतःचं चॅनेल काढायचं होतं. आणि घरात चांगला कॅमेरा एकाच फोनला होता.

तर मी तो फोन रूट केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोन आपल्या हातात असला तरी आपण त्यात भाडेकरूच असतो. काही खोल्या आपल्यासाठी कायमच्या बंद. रूट केलं की आपण घरमालक. सगळ्या खोल्यांच्या चाव्या आपल्याकडे.

माझ्या बाकावरच्या मदिहाने मला अडवलं होतं. तिच्या अब्बूंचं, नजीरचाचांचं, वरवटला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.

"देख माया, अब्बू स्वतःच्या फोनले बी नाही करत असं," ती म्हणाली. "कुलूप फोडल्यावर फक्त तूच आत जाशीन, असं काऊन वाटते तुले?"

"जळू नको. माह्या चॅनेलवर पहिली पाहुणी तूच."

"पाहुणी गेली खड्ड्यात. आईची नोकरी गेल्यावर चॅनेलवर काय दाखवशीन? चूल?"

मी हसले.

रविवारी दुपारी आई एका साखरपुड्याला गेली. फोन चार्जिंगला होता. चुलतबहिणीचा लॅपटॉप आणून ठेवलाच होता. एक व्हिडिओ, एक कुठून तरी उतरवलेली फाईल, चाळीस मिनिटं. फोन बंद पडला, चालू झाला, पांढरी अक्षरं धावली...

झालं! मी खोलीत उड्या मारल्या. अक्षरशः.

तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट आली.

"या ॲपला पूर्ण हक्क हवे आहेत. द्यायचे?"

जिथे ॲपचं नाव असायला पाहिजे, ती जागा कोरी होती.

खाली आकडे उलटे पडत होते. दहा... नऊ... आठ...

मला वाटलं, असेल त्या फाईलचंच काहीतरी.

मी "हो" दाबलं.

आणि वास आला.

तुम्ही कधी तान्हं बाळ खांद्यावर घेतलंय? दूध पाजल्यावर ते खांद्यावर ओकतं, तो वास. आंबट. कोमट. मी फोन नाकाजवळ नेला. वास चार्जिंगच्या भोकातून येत होता.

शी!

पुसला. सॅनिटायझर लावलं. मग मी एक व्हिडिओ केला, मस्त झाला. कानात इअरफोन घालून ऐकायला लागले.

माझ्या आवाजाच्या मागे...

चुप. चुप. चुप.

कोणीतरी काहीतरी चोखत होतं. ओलं. भुकेलं. दमलं की थांबायचं, नाकाने श्वास घ्यायचं, परत सुरू.

आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. भूत म्हटलं की आई म्हणते, "अभ्यास झाला का?" म्हणून मीही म्हटलं, माईक खराब असेल.

सोमवारी आई अंगणवाडीतून आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"माया, तू हात लावला का व फोनले?"

"नाई. काऊन?"

"आपल्या गावात लेकरं अडतीस. हे एकोणचाळीस दाखवून राह्यलं."

मी पाहिलं. यादीत सगळ्यात खाली एक नोंद होती. नाव कोरं. आईचं नाव कोरं. वजन, दोन किलो शंभर ग्रॅम. फोटोच्या जागी काहीतरी पांढुरकं... दह्यासारखं फाटलेलं... त्यात मधोमध एक गोल, गुलाबी भोक.

मी स्क्रीन मोठी करून बघितलं. ते भोक म्हणजे तोंड होतं.

मंगळवारी वजन दोन किलो चारशे होतं. कोणी भरलं? कोणीच नाही.

त्या दिवशी मी गुपचूप नोंद काढायला गेले. मालकीण मीच ना! दाबलं. उत्तर आलं, "तुम्हाला हा हक्क नाही."

मी सेटिंगमध्ये गेले. पूर्ण हक्क कोणाकोणाला आहेत, त्याची यादी उघडली.

एकच ओळ होती. कोरी.

माझं नाव कुठेच नव्हतं.

फोन बाजूला ठेवला तर बोटं चिकटली. मागच्या झाकणावर पिवळट, तारा सुटणारं काहीतरी होतं. मी मोरीवर जाऊन पाच वेळा हात धुतले. तरी भाकरी मोडताना बोटांना तोच वास. मी जेवले नाही.

आता तो बुधवार.

अंगणवाडी शाळेच्या समोरच आहे. मधल्या सुट्टीत मी तिकडे गेले. वजनाचा दिवस होता. आढ्याच्या हुकाला गोल काटा टांगलेला, खाली कापडी झोळी. मुलं खाऊन घरी गेली होती. झोळी रिकामी. मदतनीस सोजराबाई खिचडीचं पातेलं घासत होत्या, आई त्यांना पाणी ओतून देत होती.

फोन वाजला.

"माया, ऑफिसच्या मॅडम असन. घे, माहे हात ओले हायेत."

मी फोन कानाला लावला. "हॅलो?"

मॅडम नव्हत्या.

चुप... चुप...

आणि मग... लिहितानाही अंगावर शहारा येतोय... माझ्या कानाची पाळी कशात तरी गेली. ऊबदार. ओलं. मऊ. दात नव्हते. नुसत्या हिरड्या. त्यांनी पाळी धरली आणि ओढली.

मी किंचाळले आणि फोन भिरकावला. तो जाऊन झोळीत पडला.

फोनचं वजन किती? दोनशे ग्रॅम.

काटा करकरत खाली गेला. दोन किलो सातशेवर थांबला. आणि झोळीच्या तळाशी एक ओला डाग पसरायला लागला.

माझ्या कानावरून गळ्यावर लाळ ओघळत होती. मी दारातच ओकले.

सोजराबाईंच्या हातातलं पातेलं सुटलं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई... हे तं ते भट्टीवरचं लेकरू."

"पुरे, सोजराबाई."

"पुरे कसं? दिसून राह्यलं ना! मागच्या हिवाळ्यात ती वीटभट्टीवाली बाई आल्ती. पदरात एवढुशी पोरगी. तीन खेपा मारल्या तिनं. दोन किलो शंभर भरली होती, याच काट्यावर."

आई भिंतीला टेकली.

"मी नाई म्हनलं नव्हतं," ती माझ्याकडे बघून म्हणाली, जणू मीच विचारलं होतं. "कागद नव्हते तिच्यापाशी. फोन पुढंच जाये ना. नावच घे ना. मी म्हनलं, मालकाकून कागद आन, मग ये."

"मग?"

"मग आलीच नाई. आठ दिवसांनी भट्टी दुसरीकडे गेली. लेकरू इथंच राह्यलं. नदीच्या काठाले पुरलेलं."

मी तेव्हा सगळं सांगितलं. रविवार, फाईल, ती चौकट, "हो". मला वाटलं आई मारेल. तिने मारलं नाही. फक्त म्हणाली, "शुक्रवारी मॅडम तपासणीले येनार हायेत."

गुरुवारी शाळा बुडवून मी आणि मदिहा तिच्या अब्बूंच्या दुकानात. आल्याआल्या मदिहाने बोलून घेतलं, "मी म्हनलं होतं का नाही?" पण माझा चेहरा बघून तिनेच फोन अब्बूंपुढे ठेवला. नजीरचाचांनी फोन गरम करून मागचं झाकण काढलं आणि झटक्यात मान मागे घेतली.

आत फाटलेलं दूध होतं. बॅटरीवर, तारांवर, सगळीकडे. पांढऱ्या गाठी. त्यांत एक बारीक, मऊ, काळा केस.

"बेटा, दुधात पाडला होता का?"

"नाही चाचा."

त्यांनी चिमट्याने साफ केलं. सगळं पुसून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकलं, फोन पहिल्यासारखा कुलूपबंद करून दिला. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले. "हा फोन पुन्हा माझ्या दुकानात आणू नको," एवढंच बोलले.

बाहेर आल्यावर मी फोन हुंगला. वास नव्हता! मी मदिहाला रस्त्यातच मिठी मारली.

संध्याकाळी आईने ॲप उघडलं. ऑफिसकडून यादी परत उतरली.

एकोणचाळीस.

शुक्रवारी अकरा वाजता मॅडम आल्या. मी शाळेत न जाता आईजवळच बसले होते. फोन उलटसुलट करून पाहिला, ठीक होता. मग यादी.

"छायाताई, ही खालची नोंद कोणाची? ना नाव, ना आई. बोगस लेकरू दाखवता का? माहीत आहे ना, काय होतं ते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. माझं नाव सांगितलं तर फोनचं कुलूप फोडल्याबद्दल नोकरी जाणार. नाही सांगितलं तर खोट्या नोंदीबद्दल. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. सांगणार होते.

"बोगस नाही मॅडम," आई म्हणाली. "लेकरू हाय."

"मग दाखवा."

आई उठली. कोपऱ्यात सतरंज्यांची घडी होती. तिथे वाकली. दोन्ही हात खाली घातले... एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, जसं तान्ह्याला उचलतात तसं... आणि काहीतरी उचललं.

हात रिकामे होते. मी शपथेवर सांगते, रिकामे होते.

तिने ते झोळीत ठेवलं. काटा खाली गेला. तीन किलो शंभर.

मॅडमनी झोळीकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. रुमाल काढून नाकाला लावला. झोळी आपोआप, हळूहळू, हलत होती.

"आईचं नाव टाका," मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "आईचं नाव टाकल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही."

आईने फोन घेतला आणि टाईप केलं.

छाया.

ॲपने लगेच घेतलं. हिरवी खूण आली.

नोकरी राहिली. मॅडमनी सही केली आणि चहा न घेता गेल्या. त्यानंतर त्या आमच्या गावात आलेल्या नाहीत.

फोनला आता कसलाही वास येत नाही.

आईला येतो.

तोच. आंबट, कोमट. ती रोज दोनदा आंघोळ करते, तरी येतो. तिच्या पोलक्यावर, छातीशी, ओले डाग असतात. मी विचारलं तर म्हणते, "पानी सांडलं व." मी आता तिच्या शेजारी झोपत नाही. ज्या आईच्या पदराला मी आठवीपर्यंत तोंड पुसायचे, तिची मला किळस येते. हे लिहायची लाज वाटते, पण खरं लिहायचं म्हटलं तर हेच खरं आहे. आणि तिने हे सगळं माझ्यापायी केलं, हेही.

मागच्या आठवड्यात जेवायला बसलो होतो. आई उजव्या हाताने जेवत होती. डावा हात मांडीवर, वाकवलेला. जेवण झालं. तिने तो हात माझ्यापुढे केला.

"माया, धर व हिले जराशी. मले हात धुवू दे."

मांडी रिकामी होती. पण तिचा हात थरथरत होता. ओझ्याने थरथरतो तसा.

मी मागे सरकले. पाठ भिंतीला लागेपर्यंत सरकले.

ती रागावली नाही. उष्ट्या हातानेच बसून राहिली. हात वाळेपर्यंत.

आज सकाळी तिने चौथ्यांदा विचारलं. आता तिला दोन्ही हात लागतात.