खिडकीकडची जागा

मखमलाबादच्या नवसाबाईला बस दाखवायला नेलं, ती चैत्रातली दुपार होती. साल अठ्ठ्याहत्तर असावं. काम साधंच होतं. नाशिकच्या कोर्टात तिचा नुकसानभरपाईचा दावा चालला होता आणि गांगुर्डे वकिलांना एवढंच हवं होतं, की अपघाताच्या वेळी तिची लेक ठकू बसमध्ये नेमकी कुठं होती.

नवसाबाईला तेवढंच आठवत नव्हतं. चांदवडला बहिणीकडं जाताना घाटात ट्रकनं धडक दिली आणि बस कठडा तोडून खाली गेली; बरीच माणसं जागीच गेली. ती शुद्धीवर आली तेव्हा उजवा पाय गुडघ्यापासून गेला होता आणि ठकूला मूठमातीही देऊन झाली होती. लेकीचं तोंडसुद्धा तिला दिसलं नाही. आता ट्रकच्या विमा कंपनीचा वकील म्हणत होता, पोरगी उघड्या दारात उभी होती, आईचंच लक्ष नव्हतं.

"खरंच सोडली असंल का वो मी तिला दारात?" ती नवऱ्याला विचारायची. बहिरू मळ्यात निघून जायचा.

पोलीस चौकीमागच्या पडीक आवारात बसचा सांगाडा उभा होता. बहिरू फाटकापाशीच थांबला. "माझ्यानं नाय व्हायचं. तू जा."

वकिलांनी हात देऊन तिला कुबडीसकट वर चढवलं आणि ते खाली उभे राहिले. आत तापलेल्या पत्र्याचा, शिळ्या डिझेलचा वास कोंडला होता. आणि त्याखाली, अगदी पुसट, तेल घातलेल्या केसांचा. रस्ता जवळ होता, पण गाड्यांचा आवाज आत पोचत नव्हता. नवसाबाई एका बाकावर टेकली. डोळे मिटले.

उजव्या कुशीला हळूच काहीतरी टेकलं. पेंगुळलेलं, ओळखीचं ओझं.

"आई... आलं का गं गाव?"

 डोळे उघडायची छाती होईना. उघडले आणि कुणीच नसलं तर...?

"कुठं बसली व्हतीस गं तू?"

"हितंच की. खिडकीशी. ऊन लागत व्हतं म्हणून तू पदर धरला व्हतास ना..."

आणि नवसाबाईला तो पदर आठवला. त्यातून झिरपणारं लालसर ऊन आठवलं, त्याखाली झोपलेलं ते तोंड आठवलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"उतरू आता?"

"बाई, आठवलं का काही?" बाहेरून वकिलांनी हाक मारली.

'उतर' म्हणायला तिची जीभ वळेना. ती कुजबुजली, "बस जरा... मी येते."

कोर्टात समोरच्या वकिलानं तिला खूप छेडलं. आजवर आठवत नव्हतं, ते आताच कसं आठवलं? "तिला ऊन लागत व्हतं साहेब. मी पदर धरला व्हता." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. निकाल तिच्या बाजूनं लागला.

"सुटलो एकदाचे," गांगुर्डे म्हणाले. "आता त्या गाडीचंही काम संपलं. उद्या भंगारवाला घेऊन जाईल."

"'मी येते' म्हणून सांगून आले व्हते तिला," नवसाबाई पुटपुटली.

सकाळी ती पोचली तेव्हा सांगाड्याला साखळी लावली होती. "थांबा रं! माजी पोर हाय आत!" माणसं चमकून थांबली. या वेळी बहिरूही तिच्याबरोबर आवारात आला होता. ती बसच्या दाराशी गेली. 

"ठकू... आलं बाई आपलं गाव. उतर."

वाराही नव्हता. मग वाकडी झालेली पायरी किंचित दबली, पाखरू बसावं तशी, आणि वर आली. बहिरूनं नकळत हात पुढं केला. त्याची बोटं कशावर तरी मिटली आणि तो आजवर रडला नव्हता तेवढा रडला.

नवसाबाई त्याला धरून फाटकाकडं निघाली. मागं पायरी पुन्हा करकरली. या वेळी जड माणसाच्या वजनानं. मग पुन्हा. मग पुन्हा...

भंगारवाल्याची माणसं साखळी टाकून पळाली.

"नवसे," बहिरू दबक्या आवाजात म्हणाला, "मागं बघू नको."

"का वो?"

"तू हाक मारलीस... ती सगळ्यांनीच ऐकली."

त्यांच्यामागं खडीवर पावलं वाजत होती.