तीस पावलांची चाचणी

“अहो, थांबा! आधी तीस पावलं चाला!”

विमान उडवायच्या बेतात असलेली ती दचकली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं रिमोटवरचं छोटं विमान उडवणारा एक घड्याळदुरुस्तीवाला धावत तिच्याकडे येत होता.

“रिमोटची एरियल मिटवा आणि हळूहळू लांब जा. मी तुमचं विमान धरतो. तीस पावलांपर्यंत शेपटी स्थिर राहिली, म्हणजे सिग्नल नीट पोचला, तरच उडवायचं.”

बाबांनी बांधलेलं हे शेवटचं विमान. ते उडायच्या आतच बाबा गेले. रिमोटही त्यांचाच, पंचवीस वर्षांपूर्वीचा. आज हे पडलं, तर त्यांच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

अठराव्या पावलाला शेपटी थरथरली.

“संपलं...” ती रिमोट घेऊन परत आली.

“माझ्याकडे रिमोट आणि रिसीव्हरचा नवा संच आहे, बसवून देतो. जुन्याचा काय भरवसा?”

“पंचवीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही त्यानं! तुमच्या नव्याचं वय किती?”

“दोन महिने,” तो ओशाळून हसला. “पण गुणी आहे हो.”

पाऊण तास दोघं खपले. स्क्रू देताना बोटांना बोटं लागली, आणि दोघंही उगाच वायरींकडे बघत बसले. मग ती पुन्हा चालू लागली. दहा... पंधरा... अठरा — शेपटी थरथरली! म्हणजे दोष रिमोटचा नव्हताच. बाबांचंच बांधताना काहीतरी चुकलं होतं.

ती धावत परतली. “खाली ठेवा ते!”

त्यानं विमान गवतावर ठेवलं. शेपटी ढिम्म हलेना. हलत होते ते त्याचे हात.

“अहो... तुम्हीच?”

त्याचे कान लाल झाले. “घड्याळं उघडताना असं कधी होत नाही. पण गेले तीन रविवार तुम्हाला विमान घेऊन कुंपणापाशी उभं बघतोय. आज तुम्ही पाऊल पाऊल लांब जायला लागलात, तशी... भीती वाटली. हे एकदा उडालं, की तुम्ही इथे कशाला याल?”

“आणि नावं ठेवलीत माझ्या बाबांच्या रिमोटला!” रागावता रागावताच तिला हसू फुटलं.

तिनं जुना संच परत बसवला. विमान गवतावरच ठेवून तीस पावलं मोजली, शेपटी स्थिर. मग तिनं एरियल पूर्ण उघडली, आणि त्यानं विमान उचलून झोक देऊन सोडलं. ते किंचित खाली बसलं — तिनं रिमोटची काडी ओढली — आणि वर चढलं.

“पुढच्या रविवारी याल?” त्यानं हळूच विचारलं.

“आता बोलू नका हो, जीव मुठीत आहे माझा!” विमानावरची नजर न काढता ती म्हणाली. “उतरल्यावर विचारा... नाही म्हणणार नाही.”