पाच म्हणजे नकार

दुपारी चारच्या सुमारास ती तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत उतरली, ती एका साध्याच तक्रारीपायी. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डमधले नाडीचे आकडे नर्सच्या पडद्यावरून अधूनमधून गायब होत होते. परदेशातून शिकून येऊन, या इस्पितळात रुजू होऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आणि त्याच वॉर्डात, सातव्या खाटेवर, पोटाचं ऑपरेशन झालेली तिची आत्या होती. आईमागे तिला वाढवणारी.

"या, विलायतबाई," तात्या म्हणाले. अकरा वर्षं ही यंत्रं सांभाळणारे, महिनाअखेरीस निवृत्त होणारे तात्या. बोलता बोलता त्यांनी आपला पडदा जरासा भिंतीकडे वळवला. तिने ते पाहिलं.

खोलीत पंख्यांची एकसुरी घरघर होती, तापलेल्या धुळीचा वास होता. तिने नोंदी उघडल्या. हा सर्व्हर म्हणजे नावांची वही. कोणी यंत्राचं नाव विचारलं की पत्ता सांगायचा. प्रत्येक उत्तराला एक आकडा. शून्य, म्हणजे हा घ्या पत्ता. दोन, म्हणजे मलाच काही सुधरत नाही. तीन, म्हणजे या नावाचं इथे कोणी नाही. वॉर्डाला दोन मिळत होता. एक तुटलेला दुवा जोडला आणि तो थांबला. पण नोंदींत त्याखाली पाच होता. दर मिनिटाला, एकाच विचारणाऱ्याला. पाच, पाच, पाच.

"तात्या, हा पाच कोणाला?"

"नकार आहे तो. असू दे."

"ते कळतं मला. कोणाला?"

"ठाऊक नाही. त्याची वायर शोधत सगळी इमारत पालथी घातली. कुठेच निघत नाही."

"आणि विचारतो काय? नावाची नोंदच दिसत नाही."

"ती मीच बंद केली," तात्या हळूच म्हणाले. "मला ते नाव वाचवत नव्हतं."

बनाव, तिला वाटलं. स्वतःचंच एखादं यंत्र लपवलं असणार. "आजारी माणसांच्या जिवाशी गाठ आहे इथे. ही झाकपाक कशाला? तुम्ही लोक लपवता, म्हणून इथलं काही सुधारत नाही."

"तुम्ही लोक!" तात्या हसले. "आल्या आल्या तर 'आपण' म्हणत होतात."

तिचे कान तापले. त्यांच्यासमोरच तिने त्यांनी घातलेला नकाराचा नियम पुसला, नावांची नोंद चालू केली. तात्या अर्धवट उठले. तेवढ्यात मिनिट भरलं.

विचारलेलं नाव: आत्या.

वहीत खाटांचे नंबर होते, नाती नव्हती. तीन यायला हवा होता. शून्य आला. समोर पत्ता, सातव्या खाटेचा.

तिने घाईघाईने नियम परत घातला. एक मिनिट गेलं. दोन. पाच आलाच नाही.

"थांबला..." ती पुटपुटली.

"थांबला कसला? एकदा पत्ता मिळाला की विचारणारे तो लक्षात ठेवतात ना. पुन्हा विचारायला कशाला येईल?"

"किती... किती वेळ?"

"उत्तरातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे एक दिवस."

ती जिने चढत धावली. आत्या खाटेच्या कडेला बसली होती. सलाईनची नळी ताणलेली, पाय जमिनीवर चपला शोधत होते.

"अगं, तू इकडून कशी आलीस? आत्ता तर त्या दाराबाहेरून हाक मारलीस, खाली चल म्हणून."

"मी नाही, आत्या."

"मग मी ओ कुणाला दिली?"

तिने आत्याचे पाय उचलून खाटेवर घेतले. पाय गार पडले होते. पॅसेजमध्ये चाहूल नव्हती. आणि मग दारापलीकडून, अगदी लाडात, तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "आत्या..."

आत्याने तिच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग दाराकडे.

तिने झटकन आत्याच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली आत्याचे ओठ गोल होत होते.