थुंकी लावलेलं नाव

राजारामपुरीतल्या एका लॅबमधी भर दुपारी घडलेलं हाय हे. रात्रबित्र काय न्हाई. तरी तेवढं दार लोटून घ्या.

उचगावची स्वप्नाली फ्रीजरमधनं नळ्या आणायला गेलती. रोजचंच काम. नळीत विषाणू असत्यात, पण दात पाडलेले. रोगबिग न्हाई, नुसती हमाली. माणसाचा एक जीन पाठीवर घ्यायचा, त्याला हिरवं चमकणारं शेपूट जोडलेलं, आन पेशीत नेऊन शिवून टाकायचा. एकदा शिवला की निघत न्हाई. पेशीच्या लेकीबाळींतबी तोच.

एक नळी स्वप्नालीची, एक जयसिंगपूरच्या अनुजाची. शनिवारी जिच्या पेशी चमकतील, ती हैदराबादच्या मोठ्या लॅबला जाणार. जागा एकच.

आन स्वप्नाली म्हंजे एक नंबरची जळकुकडी! अनुजाचं अक्षर मोत्यागत, डब्यातली भाकरी पापडागत, आन लॅबच्या मॅडम तिला ‘अनू’ म्हणायच्या. हिला मात्र आडनावासकट, हजेरी घेतल्यागत. हिच्या पोटात असं दुखायचं की ओवा खाऊन राहायचं न्हाई. दिसभर अनुजाला नावं ठेवायची.

त्या दिवशी तिनं अनुजाच्या नळीवरची नावाची चिठ्ठी नखानं उचकटली. नळी कचऱ्यात. चिठ्ठी साध्या मिठाच्या पाण्याच्या नळीवर. पण थंडीनं डिंक मेलेला, चिकटंना. मग ग्लोव्ह काढला, बोट जिभेवर फिरवलं, दाबलं. निघाली. परत जिभेवर, परत दाबलं. बसली एकदाची.

बिचाऱ्या अनुजानं पेशींना ते पाणी पाजलं.

शनिवारी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपवर पूर्णिमा मॅडम वाकल्या.

“स्वप्नाली पाटील, तुझं काळंकुट्ट हाय गं.” मग अनुजाच्या पेशींची डबी ठेवली. “अगं अनू... दिवाळीच की ही!”

“कसं शक्य हाय? त्यात तर...” स्वप्नालीनं शब्द गिळला.

“त्यात तर काय?” अनुजानं विचारलं.

“काय न्हाई.”

मॅडम मायक्रोस्कोपचा दिवा बंद करून हैदराबादला फोन लावायला भाईर गेल्या. दार आपोआप लागलं. खोलीत स्पिरिटचा वास, आन बोट डोळ्यात घातलं तरी दिसंना एवढा अंधार.

“अभिनंदन की,” स्वप्नाली कशीबशी म्हणाली.

अनुजा हळूच म्हणाली, “मशीन बंद हाय न्हवं?”

“व्हय. का?”

“समोरच्या भिंतीवर... हिरवं पडलं आत्ता.”

“कुठं?”

“हे... परत पडलं. स्वप्ने, बोल की जरा.”

“काय बोलू? खुळ्यागत काय...”

“बाई गं...” अनुजाचा आवाज दारापाशी गेला. “तुझ्या तोंडातनं येतंय ते.”

स्वप्नालीनं तोंड मिटलं. भिंत काळी. जरासं उघडलं. भिंतीवर हिरवा उजेड, जिभेएवढा.

अनुजा हैदराबादला गेली. स्वप्नाली आता अंधारात चकार शब्द काढत न्हाई. झोपताना तोंडाला रुमाल बांधते, घरात कुणाला दिसू नये म्हणून. सकाळी सोडते तवा रुमाल ओला असतोय, आन आतल्या अंगाला एक चिठ्ठी चिकटलेली. रोज एक. नाव अनुजाचं. अक्षरबी अनुजाचं, मोत्यागत.

आन कडा दरवेळी नखानं उचकटलेली. आतनं.