दोन धातूंच्या मध्ये

पडघ्याच्या गॅरेजमध्ये शाळेची व्हॅन थांबली आणि उतरता उतरता रुचिकाची ओढणी दाराच्या फुगलेल्या पत्र्यात अडकली.

“मॅडम, गाडी तुम्हाला सोडत न्हाय वाटतं!”

मागे दीपेश उभा होता. या व्हॅनची बॉडी त्यानंच बांधलेली. त्यानं ओढणी सोडवली — गरजेपेक्षा जरा सावकाशच. निळ्या कापडावर पांढरी भुकटी लागली होती.

“दोन वर्षांत हे हाल?” रुचिका अंबाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, याच व्हॅनमधून रोज पोरांची ने-आण करायची. तिनं पत्र्याच्या फटीत बोट घातलं, तर ओली चिंधी हाती आली. “हे काय?”

“पॉवरलूमवरचं उरलंसुरलं कापड. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर वाजू नये म्हणून. माझीच आयडिया!” तो ऐटीत म्हणाला.

“कापड पाणी पितं. दोन वेगळे धातू, मध्ये ओल... झाली बॅटरी! लोखंड शाबूत राहतं, पत्रा झिजत जातो.”

“म्हणजे एकानं मजेत राहायचं, दुसऱ्यानं झुरायचं?”

“हसू नका. ती पलीकडं उभी आहे ती आमची नवी व्हॅन... तिच्यातही कापडच?”

त्याचं हसू मावळलं. रंग चढवून सजलेली नवी व्हॅन उद्याच शाळेला द्यायची होती. ती उघडायची म्हणजे सगळ्या गॅरेजसमोर शोभा.

“उघडाल?” तिनं विचारलं. “माझी पोरं बसणार आहेत हो तिच्यात.”

तो नव्या व्हॅनच्या चकचकीत पत्र्यावर हात फिरवत राहिला.

दोन दिवसांनी ती धाकधूक घेऊनच आली. नवी व्हॅन उघडीबोडकी उभी! गॅरेजमालक केसरीनाथ कपाळाला हात लावून म्हणाले, “बघा बाई! हा दीपेश तुमच्या हेडमास्तरांना तोंडावर सांगून आला — चूक माझी, आठ दिवस द्या. मला विचारलंपण न्हाय!”

रुचिकाचा ऊर भरून आला. असा अभिमान तिला अजून कुणाचाच वाटला नव्हता... आणि हा तर आपला कुणी लागतही नाही!

दीपेश रंगवलेल्या सांगाड्यावर रबराची पट्टी बसवत होता. बोल्टांभोवतीही प्लास्टिकच्या नळ्या, बुश. तिला बघून म्हणाला, “ह्यो या दोघांमधला अंतरपाट. जन्मात काढायचा न्हाय.”

“सगळेच अंतरपाट तसे नसतात,” ती बोलून गेली — आणि कानापर्यंत लाल झाली.

पट्टी त्याच्या हातातच राहिली. “मग... तो दुसरा धरायचा का आपल्यामध्ये?”

“खारबावला माझे तीन मामा आहेत, मागणी त्यांच्याकडेच घालावी लागेल. तिघंही चिकित्सक. तुम्हाला पार उसवून बघतील.”

“बघू दे की,” हात पुसत तो ताठ उभा राहिला. “आता आत लपवायसारखं काय न्हाय.”