बाबांचं चिनी नाणं

“ताई, हे नाणं खोटं हाय. खरं कुठं ठेवलं ते सांग.”

किशोरनं ते चांदीचं चिनी नाणं पुन्हा फरशीवर टाकून पाहिलं. ठक्... नाद नाही, गुंज नाही. अमरावतीत ज्यांच्या एका शब्दावर जुनी नाणी खरी की खोटी ते ठरायचं, त्या खुशालरावांचा तो मुलगा. एवढं त्यालाही कळत होतं. मुलीच्या कॉलेजसाठी नाण्यात वाटा मागायला तो आज अकोल्याला आला होता. आणि रागिणी, त्याची थोरली बहीण, आपल्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. इतक्या वर्षांनी भाऊ दारात दिसला तेव्हा तिचं अंतःकरण कसं भरून आलं होतं... वेडी बिचारी!

नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा खुशालरावांचे डोळे काचबिंदूनं विझत आले होते. मग तीच त्यांचे डोळे झाली. तरुणपणी कलकत्त्याच्या नोकरीत त्यांनी जमवलेली चौकोनी भोकाची तांब्याची चिनी नाणी ती एकेक करून त्यांच्या हातात द्यायची आणि ते शिकवायचे... खऱ्या नाण्याची अक्षरं बोटाला लागतात, खोट्याची बोथट असतात. ठोकून काढलेल्या चांदीच्या नाण्याला काठावर साच्याची शिवण नसते. एके दिवशी एका दलालाच्या शब्दावर भाळून, न वाजवता, न चाचपता, तो सारा संग्रह देऊन त्यांनी ड्रॅगनचं हे एकच चांदीचं नाणं बदल्यात घेतलं. “पाह्य रागिणी, डोये तुये, जीव माया,” म्हणत ते तिच्या हातावर ठेवलं. तिला शिवण दिसली. ड्रॅगनचे खवले एकमेकांत मिसळलेले दिसले. पण त्या आंधळ्या चेहऱ्यावरचं सुख पाहून तिची जीभ उचलेना. “खरं हाय बाबा,” ती म्हणाली.

आणि त्या ‘खऱ्या’चं फळ तिच्याच पदरात पडलं. वाटणीच्या वेळी खुशालरावांनी घर किशोरला दिलं आणि नाणं तिला. “याच्यात अशी दोन घरं येतील,” ते अभिमानानं म्हणाले. लेकीला झुकतं माप दिलं म्हणून किशोर पेटला आणि पेटला तो विझलाच नाही. बाबा गेले, आई किशोरजवळ राहिली, रागिणी अकोल्याला येऊन बालवाडीत शिकवू लागली, पण भावानं कधी ‘कशी हायेस’ म्हणून विचारलं नाही. पुढं आई गेली, तेही तिला मागाहूनच कळलं.

“हेच ते नाणं हाय,” रागिणी आता हळूच म्हणाली. “काठ पाह्य. टवका उडाला हाय तिथून पितळ दिसते. वाटणीच्या दिवशी तूच भिंतीवर आपटलं होतं.”

किशोरनं नाणं उजेडात धरलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

“तू तरातरा निंगून गेला. आतून बाबानं इचारलं, काय पडलं वं? त्या आवाजानं त्याइले समजलं असतं रे... मी म्हणलं, डब्याचं झाकण पडलं.”

“म्हंजे तुले पयलेपासून माईत होतं? मंग मले सांगतलं काऊन नाई?”

“बाबाले नाई सांगतलं, तर तुले कसं सांगू? तू साऱ्या गल्लीले ओरडून सांगतलं असतं. आन् बाबा गेल्यावर तू बोलतच कुठं होता?”

किशोरनं नाणं फरशीवर ठेवलं आणि तो तिच्यासमोर बसला. मग एखादं गळू फुटावं तसा तो बोलला, “ताई... आई दवाखान्यात होती तवा सारखी इचारत होती, रागिणी आली काय म्हणून. मी तुले कळवलंच नाई. तिले म्हणलं, ताईले सवड नाई.”

आईला अचानक काही झालं असेल, लेकीला बोलवा म्हणायलाही तिला वेळ मिळाला नसेल, याच एका समजुतीवर रागिणीनं इतकी वर्षं काढली होती! घर गेलं त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण आई दाराकडे पाहत होती... आणि लेकीला सवड नाही हे ऐकून डोळे मिटून गेली. बापाच्या सुखासाठी ती एक खोटं बोलली, त्याचा भोग मात्र आईनं भोगला. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर! बाबा चार दिवस रडले असते, एवढंच ना?

किशोर लहान मुलासारखा तिच्या पायांशी हुंदके देत होता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. धाकट्या भावावर याहून जास्त राग धरणं तिला जमतच नव्हतं. पण ‘जाऊ दे’ हे नेहमी ओठांवर असणारे शब्द त्या दुपारी काही केल्या बाहेर आले नाहीत.

“ताई, घरी चाल. ते घर तुयंबी हाय. आजच चाल.”

“येईन बाबू,” ती म्हणाली. “पण आता कोणाले भेटाले येऊ?”